बॅनरवरची सौ. साधनाताई

परतवाड्यात बॅनरला काही तोटा नाही, बाप्पा. कोणाचा वाढदिवस असो, कोणाचं पोरगं तलाठी होवो, कुठं भागवत सप्ताह असो की कबड्डीचे सामने, चढला बॅनर. बस स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर तर इकडच्या दुकानाच्या शटरपासून तिकडच्या खांबापर्यंत दोरी कायमची ताणलेली. एक उतरतो, दुसरा चढतो. खालून जाणारं माणूस मान वर करतं, एवढ्या फोटोंत आपल्या ओळखीचं कोण आहे ते शोधतं आणि पुढं जातं. साधनाही रोज तसंच करायची. त्या सकाळी तिनं मान वर केली, तर ओळखीचा चेहरा सापडला. तो तिचाच होता.

केवढा मोठा! दाराएवढा. हिरवी साडी, नाकात नथ, हातात माईक, आणि तोंडावर हसू. वारा आरपार जावा म्हणून फ्लेक्सला अर्धगोल चिरा देतात, त्यातली एक नेमकी तिच्या गळ्यावर आली होती. शेजारी भुलाबाई आणि भुलोजीची, म्हणजे पार्वती-शंकराची जोडी, वर 'भव्य भुलाबाई महोत्सव, कोजागिरी पौर्णिमा', आणि तिच्या फोटोखाली लालभडक अक्षरं: 'गतवर्षीच्या उखाणा स्पर्धेच्या विजेत्या सौ. साधनाताई नितेशराव गावंडे, हिवरखेड.'

तिनं ते पुन्हा वाचलं. नितेशराव. हिवरखेड. किराणा दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली. दुकानदार आतून ओरडला, "अरे वा, ताई! फेमस झाल्या तुमी!" तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि उठून भिंतीच्या कडेकडेनं चालू लागली.

आता हे नितेशराव कोण, ते सांगतो. नितेश गावंडे म्हणजे हिवरखेडातला गोड बोलणारा माणूस. पिकअप गाडी चालवायचा, केळी-संत्री भरून अकोल्याला न्यायचा, आणि वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला फुकट बसवून घ्यायचा. अख्खं गाव म्हणायचं, जावई असावा तं असा. आणि घरात? गाडीचं चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं त्यानं साधनाचं मनगट मोडलं होतं, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून. ते नीट जुळलंच नाही. मारहाण सुरू झाली की सासरे खुशालराव उठायचे आणि टीव्हीवरच्या कीर्तनाचा आवाज वाढवायचे. साधना भावाकडं पळून गेली, तर भावानं समजूत घालून परत आणून सोडली. दुसऱ्यांदा गेली, तर मामानं आणून सोडली. सगळे चांगलेच लोक हो! सगळ्यांना तिचं भलंच करायचं होतं. शेवटच्या वेळी नितेशनं तिला मारलंच नाही. पोरीला, श्रावणीला, उचलून विहिरीच्या काठावर उभं केलं आणि शांतपणे म्हणाला, "आता गेली नं, तं हिले इथंच टाकीन. मंग तू येशीनच."

दुसऱ्या दिवशी तो अकोल्याला गेला आणि साधना पोरीला घेऊन निघाली. भावाला नाही सांगितलं, मामाला नाही सांगितलं. परतवाड्यात तिचं कोणीच नव्हतं, म्हणून ती परतवाड्यात आली. गोदावरीकाकूंच्या घरामागची खोली भाड्यानं मिळाली, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडं फॉल-पिकोचं काम मिळालं. मालक कुठं असतात म्हणून कोणी विचारलं तर "सुरतले, कंपनीत" असं सांगायचं ठरलं. मंगळसूत्र काढलं नाही. एकट्या बाईच्या गळ्यात ते असलेलं बरं असतं.

मग नाव कळलं कसं लोकांना? तिच्याच तोंडून. गेल्या वर्षी कोजागिरीला काकूंच्या महिला मंडळानं उखाण्यांची स्पर्धा घेतली. साधना मागं मागं सरकत होती. बायांना एवढं पुरतं. "काहून वो, नवऱ्याचं नाव घ्याले कचरते कायले? भांडण झालं काय?" सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या. आता नाही घेतलं तर संशय येईल, या भीतीनं ती उठली आणि जे जिभेवर बसलेलं होतं तेच बाहेर पडलं:

सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड माझं गाव,
भुलाबाईपुढं घेते नितेशरावांचं नाव.

टाळ्या! पहिलं बक्षीस! एक स्टीलचा डबा! काकूंनी मोबाईलवर फोटो काढला. ज्याच्यापासून जीव घेऊन पळाली त्याचं नाव घेऊन बाई जिंकली, आणि वर्षभर ती त्या डब्यात साखर ठेवत होती.

साधना कामावर गेलीच नाही. तडक घरी आली. काकू ओट्यावर बसून भुलाबाईच्या मांडवासाठी ज्वारीचे धांडे बांधत होत्या. साठीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकवाच्या, सोवळ्याओवळ्याला कडक आणि मनानं लोण्याच्या. तिला बघताच त्यांचा चेहरा फुलला.

"पाहिलास? सांगितलं नव्हतं मुद्दामच. म्हटलं, चकित करू पोरीला."

"काकू, तो उतरवा नं. माया फोटो नाई पाह्यजे मले."

"अगं बाई! लोक पैसे मोजून फोटो टाकून घेतात, आणि तू उतरवा म्हणतेस?"

"कमीत कमी नाव तरी काढा. नुसतं साधना ठेवा."

"नुसतं साधना? काय कुमारिका आहेस का तू? आमच्या मंडळाच्या बॅनरवर नवऱ्याच्या नावाशिवाय बाईचं नाव कधी आलेलं नाही. मीच सांगितलं छापणाऱ्याला, सौ. लाव, पूर्ण नाव लाव, गाव लाव. त्यांना सुरतेत कळलं तर किती आनंद होईल!"

साधनाच्या मनात आलं, खरं काय ते सांगावं का? पण काकूंचा तो प्रेमळ चेहरा बघून तिला भावाचा चेहरा आठवला. तोही असाच प्रेमानं म्हणाला होता, नांदणारीचं घर असं मोडू नये. आणि काकूंना खोटं सांगून दोन वर्षं त्यांच्याच घरात राहिलेली ती. उद्या खोली सोड म्हणाल्या तर पोरीला घेऊन कुठं जायचं?

"मले लाज वाटते, काकू," एवढंच ती म्हणाली.

"वाटू दे. सवय होईल," असं म्हणून काकू हसल्या आणि पुन्हा धांडे बांधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी परतवाड्यात कुठून कुठून माणूस येतं! अंजनगाव, अकोट, धारणी. जीप भरभरून येतात आणि सगळ्या त्याच रस्त्यानं, त्याच दोरीखालून. साधना शिलाई मशीनवर बसली होती, पण साडीचा काठ कुठं आणि सुई कुठं, काही भान नव्हतं. रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला की पाय पॅडलवरच थांबायचा. एक माणूस दुकानात शिरला आणि तिच्याकडं टक लावून बघू लागला. तो म्हणाला, "ताई, त्या बॅनरवर तुमीच हाव नं?" आणि बायकोचा ब्लाऊज घेऊन गेला. तो कुठला होता कोण जाणे. हिवरखेडचा असला तर? त्याच्या मोबाईलमध्ये फोटो असला तर? कोणाचं काय सांगावं, आजकाल माणूस आधी फोटो काढतं आणि मग डोळ्यानं बघतं.

संध्याकाळी घरी येताना तिनं मान खाली घातली. पण सावली दिसायचीच ती. रस्त्यावर बॅनरची आडवी सावली हलत होती, आणि तिला ती ओलांडून जायची होती.

त्या रात्री ती झोपली नाही हे वेगळं सांगायला नको. पहाटे नळ आला तेव्हा पाणी भरता भरता तिला सुचलं. काकूंपुढं लाज चालत नाही, विनवणी चालत नाही. मग काय चालतं? सोवळं चालतं.

ती काकूंच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, माये सासरे गेले. सांजेले फोन आला होता."

काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "अगोबाई! म्हणजे दहा दिवसांचं सुतक गं तुला! आणि तुझा फोटो देवीला खेटून!" त्या लगेच आत ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? त्या बॅनरवाल्याला फोन लावा. आत्ताच्या आत्ता उतरव म्हणावं. सुतकातलं माणूस देवीच्या बॅनरवर नको."

चहाच्या वेळेपर्यंत बॅनर खाली! साधना मुद्दाम बघून आली. नुसती दोरी होती आणि दोरीवर एक कावळा. केवढं मोठं ओझं उतरलं म्हणून सांगू! एका वाक्यात तिनं म्हातारा मारला होता आणि तिला जराही वाईट वाटत नव्हतं. कीर्तनाचा आवाज वाढवणारा म्हातारा तो. मरो तिकडं, असं ती मनात म्हणाली आणि त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं.

पण बाई एक गोष्ट विसरली. सुतक म्हटलं की सांत्वन आलं. आपल्याकडं आनंदाला माणूस एखाद्या वेळी जात नाही, पण मरणाला गेल्याशिवाय राहत नाही. आणि गोदावरीकाकूंसारखं माणूस तर मुळीच नाही. सासरा गेला आणि सून गावाला निघत नाही, हे त्यांच्या मनात दिवसभर खुपत राहिलं. त्यांनी आपला अर्थ लावला: काहीतरी भांडण असणार, वावराचं असेल नाहीतर जावाजावांचं. पण मरणानं वैर संपतं. आपण चार शब्द बोललो तर पोरीचं घर पुन्हा जुळेल. त्यांचे यजमान बापूसाहेब निवृत्त वकील. त्यांचे एक जुने पक्षकार, किसनराव म्हणून, हिवरखेडचे निघाले. त्यांच्याकडून गावंड्यांचा नंबर मिळाला.

शनिवारी श्रावणीची सकाळची शाळा होती. दुपारी मायलेकी जेवून बसल्या होत्या, तोच काकू दारात आल्या. तोंड लाल झालेलं.

"साधना, सासरे कधी वारले म्हणालीस?"

तिनं विचारलं, "कावून?"

"सकाळी सांत्वनाला फोन केला मी. ज्यांच्यासाठी रडायची तयारी केली, त्यांनीच फोन उचलला! 'मी खुशालराव बोलून राहिलो' म्हणाले. मला घेरी यायची बाकी होती. जिवंत माणसाचं सुतक पाळतेस? देवाधर्माची थट्टा करतेस माझ्या घरात?"

साधनाचे कान पुढच्या वाक्यावर होते. ते येणार हे तिला कळलं होतं.

"मग जावईबापूंनी घेतला फोन. काय गोड बोलतात गं! सुरतेत नाहीत ते, गावातच आहेत, हेही मला आजच कळलं. म्हणाले, काकू, रागाच्या भरात गेली हो माझी बायको, दोन वर्षं शोधतो आहे. रडत होते बिचारे. मी पत्ता दिला. लगेच निघतो म्हणाले. आता पोचतीलच." त्यांनी राग आवरला आणि कोपऱ्यात बसलेल्या श्रावणीकडं बघून आवाज मऊ केला. "श्रावणी, बाळा, बाबा येताहेत तुझे. आज येतील."

श्रावणी आठ वर्षांची. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं हातातलं पुस्तक मिटलं, उठली आणि पलंगाखाली शिरली. अगदी भिंतीला टेकेपर्यंत आत. मग तिचा हात बाहेर आला, तिनं शाळेचं दप्तर ओढून स्वतःसमोर आडवं लावलं, आणि दप्तराचा बाहेर राहिलेला बंदसुद्धा आत घेतला. खोलीत पोरगी आहे हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

काकू बघत राहिल्या.

"काय झालं हिला?" त्यांनी विचारलं. आवाजातला ताठा गेला होता.

साधनानं बांगड्या वर सरकवल्या आणि वाकडं मनगट त्यांच्यासमोर धरलं. मग सांगितलं. टॉमीचं सांगितलं, कीर्तनाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. सांगताना ती दाराकडं बघत होती, रस्त्यावर गाडी थांबते का ते ऐकत होती.

काकू तिथंच फरशीवर बसल्या. "माझ्या हातानं पत्ता दिला गं मी," त्या म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस? त्या दिवशी बॅनर उतरव म्हणालीस, तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमी सौ. लिहिलं होतं, काकू. त्याच्या नावाबिगर मी तुमच्या बॅनरवर बसत नाई म्हणाल्या तुमी. मंग कोणाले सांगू?"

साधना उठली, पिशवीत हाताला येईल ते कोंबू लागली. "आमी निघतो. अमरावतीची बस हाय."

"बस स्टँडवर? तो त्याच रस्त्यानं येतो आहे, वेडे!" काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पलंगापाशी ओणव्या झाल्या, दप्तर बाजूला केलं आणि म्हणाल्या, "चल बाळा. माझ्या देवघरात लपायला यापेक्षा चांगली जागा आहे."

देवघर लहान होतं, खिडकी नसलेलं. धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई आणि तिचा भुलोजी मांडलेले होते. साधनानं आत जाऊन कडी लावली, श्रावणीला मांडीत घेतलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरीला गरज नव्हती त्याची, पण तिला होती. बाहेर बापूसाहेब फोनवर पोलीस ठाण्याला पत्ता सांगत होते, पुन्हा पुन्हा तोच पत्ता, कोर्टात बोलल्यासारखा एकेक शब्द सुटा करून. तिकडच्या माणसाला बहुधा तो कळत नव्हता.

मग गाडी आली. साधनानं ती आवाजावरून ओळखली. त्या पिकअपचं इंजिन बंद होताना एक आचका द्यायचं, रोज रात्री द्यायचं, आणि तो आचका ऐकला की हिवरखेडात ती पोरीला उठवून स्वयंपाकघरात न्यायची. आत्ताही श्रावणीनं उठायला अंग उचललं. साधनानं तिला घट्ट दाबून धरलं.

फाटक वाजलं. चपला वाजल्या.

"नमस्कार करतो, काकू. मी नितेश. लय उपकार केले तुमी मायावर. नाई तं आजकाल कोण कोणाचं पाह्यते?" तोच आवाज, तसाच, साखर घातलेला. "आत येऊ नं? लेकरू कुठं हाय मायं? तिच्यासाठी पेढे आणले."

काकू काहीच बोलल्या नाहीत. हा आवाज ऐकून भाऊ विरघळला होता, मामा विरघळला होता. काकू तर सकाळीच एकदा विरघळल्या होत्या. आता त्या म्हणतील, या बसा. आता त्या म्हणतील, दोघं समजुतीनं घ्या. साधनानं कडीकडं बघितलं. लहानशी पितळेची कडी, एका लाथेची.

"उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका," काकू म्हणाल्या. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "घरात सुतक आहे."

तो हसला. "तेच तं, काकू! गैरसमज झाला तुमचा. माये बाबा ठणठणीत हायेत. सकाळी तुमच्याशीच बोलले नं?"

"बाबांचं नाही."

"मंग कोणाचं?"

"तुमचं," काकू म्हणाल्या. "आमच्या साधनाचा नवरा गेला. ती आमच्याकडं असते आता. आणि गेलेल्या माणसाला आमच्याकडं पुन्हा घरात घेत नाहीत."

बापूसाहेबांचा फोनवरचा आवाज थांबला होता. श्रावणीनं आईच्या हाताखालून तोंड सोडवलं आणि कानाशी अगदी हळू विचारलं, "गेले?"

साधना ऐकत राहिली. फाटक पुन्हा वाजलं नव्हतं, आणि गाडीही सुरू झाली नव्हती. उंबऱ्यापलीकडं पेढ्यांच्या पुडक्याचा कागद तेवढा चुरगळल्याचा आवाज येत होता.

"नाई," ती म्हणाली. "पण काकू दारात हायेत."